महायुद्धोत्तर म्हणजे कोणाच्या युद्धानंतर?

गेल्या वर्षीच्या अंतर्गत चाचणीच्या उत्तरपत्रिका तपासताना एका उत्तरापाशी आम्ही थबकलो. प्रश्न नेहमीचाच होता: आदिवासी लोककलांवर टीप लिहा. उत्तरही नेहमीचेच होते. गोंड लोक निसर्गपूजक असतात, ते दिवाळीच्या सुमारास दंडार करतात, ते स्वभावाने भोळे व उत्सवप्रिय असतात, त्यांच्या कलेत परंपरेचे जतन झालेले दिसते, वगैरे. अशी वाक्ये मार्गदर्शिकेतून उचललेली असतात आणि ती आम्हां तपासणाऱ्यांनाही पाठ झालेली असतात. थबकलो ते हस्ताक्षर पाहून. ते ओळखीचे होते. हा मुलगा स्वतः गोंड आहे. त्याच दिवाळीत तो मोरपिसांचा टोप डोक्यावर चढवून, अंगाला राख फासून, घुसाडी म्हणून शेजारच्या गावी पाहुणा गेला होता, आणि परतल्यावर त्याची चित्रफीत त्याने आमच्यापैकी एकाला मोबाईलवर दाखवली होती. तिच्यातील ढोलाखाली एक तयार ठेका त्याने स्वतः हौसेने जोडला होता. तोच मुलगा उत्तरपत्रिकेत स्वतःविषयी ‘ते’ असे लिहीत होता, आणि तेही ‘असतात’, ‘करतात’ अशा कधी न सरणाऱ्या वर्तमानकाळात. आम्ही त्याला दहापैकी सात गुण दिले. या लेखाच्या मुळाशी त्या सात गुणांची लाज आहे.

त्याच प्रश्नपत्रिकेत दुसरा एक प्रश्न होता. दुसऱ्या महायुद्धानंतर लोकप्रिय संस्कृतीत झालेल्या बदलांचा आढावा घ्या. तेथे या मुलाने काळ अगदी नीट वापरला होता. युद्ध संपले, मुंबईत गिरण्या धडधडत होत्या, मराठी कवितेत मर्ढेकर आले, १९५३ मध्ये ‘श्यामची आई’ आला, १९५९ मध्ये ‘सांगत्ये ऐका’ हा चित्रपट पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला, १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाले, मग जागतिकीकरण, मग मोबाईल. सारे बरोबर. पुण्यातील एका चित्रपटगृहात एक चित्रपट किती आठवडे चालला हे किनवटच्या विद्यार्थ्याला ठाऊक आहे. किनवटच्या बाजारात तंबूतला सिनेमा पहिल्यांदा लागला तेव्हा त्याचे आजोबा कोठे बसले होते, हे त्याला ठाऊक नाही. ते विचारण्यासारखे असते हेही आम्ही त्याला कधी सांगितलेले नाही.

मराठीच्या अध्यापनात मुरलेली एक जुनी खोड या दोन प्रश्नांच्या मध्ये दडून बसली आहे, आणि आमचे भांडण तिच्याशी आहे. शहरांच्या वाट्याला ‘लोकप्रिय संस्कृती’ येते, आमच्या वाट्याला ‘लोकसंस्कृती’. पहिलीला इतिहास असतो, सन असतात, कारणे असतात. दुसरीला फक्त वैशिष्ट्ये असतात. पहिली बदलते, दुसरी एक तर जशीच्या तशी राहते किंवा नष्ट होते. तिसरी काही शक्यता तिच्यासाठी ठेवलेलीच नाही. बदल हा पुण्या-मुंबईत घडतो आणि उशिराने येथवर पोहोचतो, अशी ही समजूत आहे. आणि ती कोणी स्पष्ट शब्दांत मांडत नसल्यामुळे तिचे खंडनही कोणी करीत नाही.

मुळात ‘महायुद्धोत्तर’ हा शब्दच घ्या. १९४५ हे साल मराठी वाङ्मयेतिहासात मैलाच्या दगडासारखे रोवलेले आहे. मर्ढेकरांची ‘काही कविता’ १९४७ ची, त्यामागे युद्धाने हादरलेले महानगर, हे सारे मान्य. पण ते महानगर इंग्रजी अमलातले होते. किनवट तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, आणि तेही नांदेड जिल्ह्यात नव्हते, आदिलाबाद जिल्ह्यात होते. येथे युद्ध संपले ते १९४५ मध्ये नव्हे; आणि ज्या युद्धानंतर येथील माणसांचे जगणे बदलले ते हिटलरचे नव्हते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके व बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ आदिलाबादेतून निघून मुंबई राज्यात आले. उलट मुधोळ, भैंसा, कुबेर ही मंडळे नांदेडातून निघून आंध्रात गेली. त्याच्या अठराच दिवस आधी, १४ ऑक्टोबरला, नागपुरात धम्मदीक्षा झाली होती. त्या एका महिन्याच्या आत या तालुक्यातील माणसांचे राज्य, जिल्हा, कचेरीची भाषा आणि त्यांतील काहींचा धर्म बदलला. लोकांची गाणी, सण, करमणूक, देवघरातील तसबिरी यांच्यावर याचा परिणाम झाला नसेल असे ज्याला वाटते त्याने खुशाल १९४५ पासून शिकवावे.

दुसऱ्या महायुद्धाशी या भागाचा संबंध नव्हता असे मात्र नाही. तो होता, आणि मोठा चमत्कारिक होता. १९३९ मध्ये युद्ध पेटले तेव्हा ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ नावाचा एक तरुण ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ भारतात होता आणि त्याच्या खिशात जर्मन पारपत्र होते. इंग्रज सरकारच्या लेखी तो शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. त्याला हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहण्याची मुभा मिळाली, आणि त्या बंधनातून त्याने चेंचू, रेड्डी आणि पुढे आदिलाबादच्या गोंडांमध्ये वास्तव्य केले. जैनूरजवळच्या मारलावाईत तो राहिला. १९४३ पासून तेथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र चालले आणि गोंडी भाषेची वाचनपुस्तके देवनागरीत निघाली. त्याचा ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा ग्रंथ १९४८ चा. म्हणजे जगातल्या कोणत्याही ग्रंथालयात ‘गोंड संस्कृती’ म्हणून जे चित्र पाहायला मिळते त्याचा मोठा भाग महायुद्धाने एका माणसाला एका संस्थानात अडकवून ठेवल्यामुळे तयार झालेला आहे. वर्गात सांगण्यासारखी याहून सुंदर गोष्ट कोणती? पण ती सांगितली जात नाही, कारण लोकसंस्कृतीच्या धड्यात महायुद्धाला प्रवेश नाही आणि महायुद्धाच्या धड्यात गोंडांना.

याच हायमेनडॉर्फने पुढे काय केले तेही पाहण्यासारखे आहे. सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात तो पुन्हा आदिलाबादेत आला, जुनी गावे पुन्हा फिरला, आणि १९८२ मध्ये त्याचे ‘ट्राइब्स ऑफ इंडिया’ प्रसिद्ध झाले. त्याचे उपशीर्षकच अस्तित्वासाठी चाललेल्या झगड्याविषयी आहे. जमिनी कशा गेल्या, रस्ते आणि बाजार आल्यावर काय झाले, बाहेरून कोण आले, याचा तो हिशेब आहे. तो निर्दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. बंजाऱ्यांविषयीची त्याची नजर आम्हांला अन्यायाची वाटते. पण ज्याने ‘परंपरा’ लिहून ठेवली त्यानेच ‘बदल’ही लिहिला, हे विसरून कसे चालेल? आमच्या संदर्भयाद्यांत पहिला ग्रंथ असतो, दुसरा नसतो.

आता वर्गात हमखास जिवंत चर्चा पेटवणाऱ्या विषयाकडे येऊ. २०२२ साली ‘आरआरआर’ आला. आमच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी तो पाहिला आहे, कोणी हिंदीत, कोणी सरळ तेलुगूत. कोमुराम भीम हे नाव कित्येकांनी त्यातूनच पहिल्यांदा ऐकले. त्या चित्रपटातील भीम १९२० च्या दशकात दिल्लीत जाऊन इंग्रज गव्हर्नरशी लढतो, वाघाशी झुंजतो, नाचतो. त्या नाचाच्या गाण्याला २०२३ मध्ये ऑस्कर मिळाले. इतिहासातला कोमुराम भीम दिल्लीच्या गव्हर्नरशी लढला नाही. तो निजामाच्या जंगल व महसूल अधिकाऱ्यांशी लढला, जमिनीसाठी आणि जंगलासाठी लढला, आणि १९४० मध्ये जोडेघाट येथे गोळीबारात मारला गेला. जोडेघाट आदिलाबाद जिल्ह्यात होते. किनवटही आदिलाबाद जिल्ह्यात होते. म्हणजे भीम मेला तेव्हा तो आमच्याच जिल्ह्याचा रहिवासी होता. हे वाक्य फळ्यावर लिहिले तेव्हा वर्गात जी शांतता पसरली ती आम्ही विसरणार नाही. मागच्या बाकावरून एकाने विचारले, “मग आपल्या पुस्तकात तो का नाही?” याचे खरे उत्तर असे की पुस्तके राज्यांच्या हद्दींप्रमाणे छापली जातात आणि भीम १९५६ मध्ये हद्दीच्या पलीकडे राहिला. मेलेल्या माणसाचेही राज्य बदलते.

त्या चित्रपटातील आणखी एक गोष्ट आम्हांला खुपते. अखेरीस भीम आपल्या सवर्ण मित्राकडे काय मागतो, तर विद्या. अक्षर नसलेला वनवासी अक्षरवंताकडे अक्षर मागतो, असा तो देखावा आहे. भीमाविषयी गोंडांत ज्या हकिगती सांगितल्या जातात त्यांत मात्र तो तरुणपणी चांद्याला एका छापखानेवाल्याकडे राहिला आणि तेथे लिहावाचायला शिकला असे येते. हकिगत शब्दशः खरी असो वा नसो, गोंडांनी आपला नायक साक्षर कल्पिला आणि हैदराबादच्या कोट्यवधींच्या चित्रपटाने त्याला निरक्षर केला, हे तर खरेच. आमच्या मार्गदर्शिकेतील ‘भोळे’ हा शब्द आणि त्या चित्रपटाचा शेवट एकाच कारखान्यातून निघालेले आहेत. असे म्हटले की काही विद्यार्थी रागावतात. त्यांना चित्रपट आवडलेला असतो. आम्हांलाही तो आवडला होता, आणि नाचाच्या प्रसंगी आमच्यातील एका ज्येष्ठाने शिटी वाजवली होती. लोकप्रिय संस्कृती शिकवायची म्हणजे आवडणे आणि खुपणे ही दोन्ही एकाच माणसाच्या पोटात असू शकतात हे शिकवायचे. ते प्रश्नोत्तरांच्या मार्गदर्शिकेत मावत नाही.

आमच्याच व्यवसायबंधूंचा एक मोठा वर्ग बदलाकडे पाहतो खरा, पण केवळ सुतकी चेहऱ्याने. जाते गेले, ओव्या गेल्या. भजन गेले, डीजे आला. या विलापाला आम्ही कंटाळलो आहोत. गावात पिठाची गिरणी आली त्या दिवशी ओव्यांचा अंत सुरू झाला असेल, पण त्याच दिवशी पहाटे तीनला उठून दळणाऱ्या बाईचा खांदाही मोकळा झाला. ओवीसाठी रडणाऱ्यांपैकी किती जणांनी पायलीभर ज्वारी दळली आहे? आमच्या एका विद्यार्थिनीने आपल्या आजीला हा प्रश्न विचारला. आजी हसली आणि म्हणाली, गाणे आठवते, पण हात नको म्हणतात. त्या एका वाक्यात जेवढा सांस्कृतिक इतिहास आहे तेवढा आमच्या टिपणांत नाही. दुर्गाबाई भागवतांची ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ १९५६ ची, पुढे मराठवाड्यात प्रभाकर मांडे यांनी आयुष्यभर संकलन केले. या लोकांच्या कामाविषयी आम्हांला आदरच आहे. त्यांनी जमवले म्हणून आज बोलायला काही आहे. पण त्यांच्या कामाचे आम्ही जे केले, म्हणजे पाठांतराची सूत्रे, त्याचा दोष त्यांच्याकडे जात नाही.

विलापाचा दुसरा अड्डा म्हणजे माळेगावची जत्रा. आमच्या जिल्ह्यात, लोहा तालुक्यात, खंडोबाची ही जत्रा भरते. जनावरांचा बाजार, भटक्या-विमुक्तांच्या पंचायती, तमाशाचे फड यांसाठी ती प्रसिद्ध. आता तेथे जिल्हा परिषदेच्या व्यासपीठावर लावणी महोत्सव होतो. कनाती लावून तिकिटावर चालणारा फड आणि शासकीय मंडपात, मान्यवरांच्या खुर्च्यांसमोर, ठरावीक वेळात सादर होणारी लावणी या एकाच गोष्टी नव्हेत. पहिल्यात प्रेक्षक गिऱ्हाईक होता, दुसऱ्यात तो निमंत्रित आहे. फडात नाचणाऱ्या बाईचे पोट त्या रात्रीच्या गल्ल्यावर अवलंबून होते, येथे मानधन आणि प्रमाणपत्र आहे. यांत कोणते बरे, हे आम्ही सांगणार नाही. आमच्यातही त्याविषयी एकमत नाही. पण हा फरक का पडला, कोणाच्या पैशाने पडला, बाईला त्यात काय मिळाले आणि काय गेले, असे विचारता येते. ‘लावणी ही महाराष्ट्राची लोककला आहे’ या वाक्याने मात्र काहीच विचारता येत नाही. ते वाक्य दार बंद करते.

चित्रपटगीतांविषयीही असेच. हिंदी गाण्यांनी मराठी अभिरुची बिघडवली असे सांगण्याची एक पद्धत आहे, आणि तिला सरकारी आशीर्वादही मिळालेला आहे. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर हे मराठी गृहस्थ नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार होऊ लागली. श्रोते मुकाट्याने रेडिओ सिलोनकडे वळले, बिनाका गीतमाला घरोघरी पोहोचली, आणि १९५७ मध्ये सरकारला विविध भारती काढावी लागली. ही गोष्ट पुस्तकांत असते. नसते ते हे: उस्मानिया विद्यापीठ १९१८ पासून उर्दू माध्यमाचे होते, संस्थानात माध्यमिक शिक्षण उर्दूतून होत असे, कचेरीची भाषा उर्दू होती. पुण्यातल्या श्रोत्याला सिलोनवरच्या गाण्यातील जे शब्द परके वाटत ते आमच्या गावातील शिकलेल्या आजोबांच्या शाळेचे शब्द होते. मराठवाड्याच्या कानाला हिंदी चित्रपटगीत हे आक्रमण वाटले नाही. वाटले असेल तर १९४८ नंतर शाळा-कचेरीतून हटलेल्या भाषेचा तो घरगुती, निरुपद्रवी असा अवशेष वाटला असेल. हे अनुमान आमचे आहे. विद्यार्थ्यांनी ते खोडून काढावे. खोडायला तरी आजोबांशी बोलावे लागेल, आणि ते आजोबा आता फार थोडे उरले आहेत.

भीमगीतांचे उदाहरण तर आम्हांला सर्वांत बोचते. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या आवाजाने ऐंशीच्या दशकात कॅसेटच्या रूपाने मराठवाड्यातील वस्त्यावस्त्यांत प्रवेश केला. जलसा एका गावी एका रात्री होई; कॅसेट रोज वाजे, आणि ज्या गल्लीतून मिरवणुकीला मज्जाव असे तेथेही ऐकू जाई. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ चा, नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. त्या दीड दशकाच्या धगीत घरे जळाली, माणसे मेली, आणि गाणी वाजत राहिली. तंत्र, बाजार, राजकारण आणि श्रद्धा यांची एकाच वस्तूत अशी गाठ पडल्याचे उदाहरण बर्मिंगहॅमच्या अभ्यासकांनाही हेवा वाटावा असे आहे. आमच्या अभ्यासक्रमात ते कोठे आहे? ‘दलित साहित्य’ या घटकात कविता आणि आत्मकथने असतात, ‘लोकप्रिय संस्कृती’ या घटकात चित्रपट आणि मालिका. कॅसेट दोन्हींच्या फटीत पडली.

तांड्यावरच्या मुलींनी आणलेली माहिती अशीच फटीत पडणारी आहे. होळीची लेंगी, तीजेची गीते ही ‘लोकगीते’ म्हणून टिपणांत आहेत. पण याच चालींवर बांधलेली, आधी चकत्यांवर आणि आता यूट्यूबवर धावणारी गोर बोलीतील नवी गाणी कोठेच नाहीत. ती किनवट-माहूरात वाजतात आणि हद्दीपलीकडे आदिलाबादेतही वाजतात. गंमत अशी की गाणे दोन्हीकडे एकच, पण ऐकणारा पलीकडे १९७६ पासून अनुसूचित जमातीत मोडतो आणि अलीकडे विमुक्त जातीत. १९५६ च्या रेघेने जात-प्रमाणपत्रे वेगळी केली, चाली वेगळ्या करता आल्या नाहीत. आणि तेलुगू चित्रपट देशभर चालू लागला ही अलीकडची घटना म्हणून वर्तमानपत्रे सांगतात तेव्हा आम्हांला हसू येते. मुदखेड-आदिलाबाद मार्गावर मीटर गेजची गाडी होती तेव्हापासून आमच्याकडची पोरे तिच्यात बसून तेलुगू सिनेमा पाहायला जात आहेत. २०२१ मध्ये ‘पुष्पा’च्या हिंदी आवृत्तीत नायकाला श्रेयस तळपदे या मराठी नटाचा आवाज मिळाला हे खरे, पण येथे त्या नायकाला आवाज उसना देण्याची गरज अनेकांना नव्हती.

कोणी म्हणेल, हे सारे स्थानिक कौतुक झाले. सिद्धांत कोठे आहे? सिद्धांताचे आम्हांला वावडे नाही. अडोर्नो-होर्कहायमरचा संस्कृती-उद्योग आम्हीही शिकवतो. पण ज्यांच्या नावाने हा विषय विद्यापीठात शिरला त्यांनी तो कोठे घडवला, याची आठवण करून देणे भाग आहे. रेमंड विल्यम्स युद्धात रणगाडाविरोधी तोफखान्यात होता. परतल्यावर १९४६ पासून पंधरा वर्षे त्याने प्रौढांच्या, कामगारांच्या वर्गांत शिकवले. रिचर्ड हॉगर्टही प्रौढ शिक्षणातलाच. त्याचे ‘द यूजेस ऑफ लिटरसी’ १९५७ चे, आणि त्याचा अर्धा भाग लीड्समधील स्वतःच्या मोहल्ल्याविषयी आहे: आजीचे स्वयंपाकघर, क्लबातली गाणी, साप्ताहिके. समोर बसलेला माणूस संध्याकाळी काय ऐकतो, या प्रश्नातून तो अभ्यास निघाला. आम्ही त्यांचे निष्कर्ष आयात केले आणि पद्धत बंदरातच सोडून दिली. परिणामी किनवटचा विद्यार्थी लीड्सच्या कामगारवस्तीतील गाण्यांवर टीप लिहू शकतो. असो.

आमच्यावर येऊ शकणारा एक आक्षेप मात्र गंभीर आहे. मुलांना त्यांच्या घराचा इतिहास शोधायला लावले की ती इतिहासाऐवजी अभिमान घेऊन येतात. हे आम्ही अनुभवले आहे. हद्दीपलीकडच्या गुंजाळा गावी गोंडी लिपीतील जुनी हस्तलिखिते अभ्यासकांच्या नजरेस आली, आणि २०१८ मध्ये गुंजाळा गोंडी लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. ‘लिपी नसलेली बोली’ म्हणून जिची बोळवण झाली तिच्यासाठी ही केवढी घटना! पण वर्गात दुसऱ्याच आठवड्यात ही लिपी जगातील सर्वांत प्राचीन असल्याचा निबंध आमच्या हाती पडला. नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर ‘भारतीय ज्ञान प्रणाली’ नावाचा घटक आला आहे, आणि त्या घटकाला असा निबंध फार आवडेल अशी आम्हांला भीती आहे. कारण तेथेही आदिवासी पुन्हा ‘प्राचीन’ ठरतो. भोळा म्हणून प्राचीन काय, ज्ञानी म्हणून प्राचीन काय, आज तो पुन्हा गैरहजरच. आम्ही त्या विद्यार्थिनीला निबंध परत दिला आणि एवढेच विचारले: ही लिपी तुझ्या घरात कोण वाचतो? कोणी नाही. तू कोठे पाहिलीस? मोबाईलवर. मग त्याविषयी लिही, कोणत्या वर्षी, कोणी पाठवली, पाहून आईला काय वाटले. तिने लिहिलेली चार पाने या विषयावर आम्ही वाचलेल्या उत्तम मजकुरांपैकी आहेत.

दुसरा आक्षेप परीक्षेचा. त्याला उत्तर नाही, कारण तो आक्षेप नाही, ती सबब आहे, आणि ती आम्ही स्वतः कित्येक वर्षे वापरली आहे. मार्गदर्शिकेतील ती वाक्ये आमच्यातील एकाने कधी काळी एका प्रकाशकासाठी मानधनावर लिहिली होती, हेही येथे कबूल केलेले बरे.

नव्या रचनेत क्षेत्रीय प्रकल्पासाठी श्रेयांक राखून ठेवलेले आहेत. बहुतेक ठिकाणी ते वृक्षारोपणाच्या छायाचित्रांवर मिळतात. आम्ही यंदा ते या कामाला लावले आहेत. प्रत्येकाने घरातील किंवा शेजारच्या सर्वांत वयस्क माणसाकडून कोणत्याही तीन करमणुकींच्या तारखा आणायच्या: ही आपल्या गावात कधी आली, कोणी आणली, तिच्यामुळे काय थांबले. ‘पूर्वी’, ‘प्राचीन काळापासून’ आणि ‘असतात’ हे तीन शब्द वर्ज्य. पहिली खेप आली आहे. त्यात एका गावच्या पहिल्या दूरदर्शन संचाची हकिगत आहे. १९८७ मध्ये ‘रामायण’ पाहण्यासाठी तो बैलगाडीतून आणला होता आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालवला होता. एका दर्ग्यातील कव्वालीची हकिगत आहे, तिच्याविषयी सांगताना म्हाताऱ्याने आवाज हळू केला असे कंसात लिहिले आहे. एका परधान घरात किंगरी आढ्याला टांगलेली आहे, वाजवणारा २००९ मध्ये गेला, आणि त्याचा नातू लग्नांत कीबोर्ड वाजवतो. दोघांचे मानकरी यजमान मात्र तेच गोंड घराणे आहे.

त्या सात गुणांच्या मुलाचा प्रकल्प अजून यायचा आहे. त्याने मुदत वाढवून मागितली. कारण म्हणून अर्जात लिहिले आहे की घुसाडीच्या टोपातील मोरपिसे आता कोठून येतात आणि आजोबांच्या वेळी कोठून येत, याची चौकशी करायला त्याला दिवाळीत आदिलाबादकडे जायचे आहे. जंगल खात्याचा काही संबंध असावा असा त्याला संशय आहे. अर्जात त्याने ‘आम्ही’ असे लिहिले आहे. मुदत दिली आहे.